हलका चाप

मित्रांनो, पिस्तुलाची गोष्ट म्हटलं की तुमचे डोळे मोठे होतात, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला वाटेल, आता घोडे उधळतील आणि चोर पळतील. तसं काही माझ्या आयुष्यात घडलं नाही. कारखान्यातल्या चाचणीच्या गोळ्या सोडल्या, तर मी जन्मभरात एकदाच चाललो. त्या एका वेळेपर्यंत मी कसा पोचलो, एवढंच मला सांगायचं आहे.

मी पोलादाच्या एका ठोकळ्यातून निघालो. यंत्रांनी मला कापलं, भोकं पाडली, घासलं. माझ्या नळीच्या आत आटे कोरले. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी गिरकी घेत सुटते आणि सरळ जाते. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने माझी पाठ, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे सरकते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि पुढे येताना नवं काडतूस नळीत ढकलते. माणसाने पुन्हा फक्त चाप ओढायचा. म्हणून मला अर्धस्वयंचलित म्हणतात. अर्धं काम माझं. कधी आणि कोणावर, हे उरलेलं अर्धं काम माणसाचं.

पुण्यातल्या एका दुकानात काचेच्या पेटीत आम्ही तिघे होतो. वरच्या फळीवर एक परदेशी पिस्तूल होतं. ते विकायला नव्हतंच म्हणा ना. लोकांनी त्याची किंमत ऐकायची, दचकायचं आणि खाली बघायचं, यासाठी ते तिथे ठेवलेलं. खालच्या फळीवर एक स्वस्त पिस्तूल होतं, अंगाने खरबरीत, कडा न घासलेलं. मधल्या फळीवर मी. मधल्या फळीवरच्याला फार दिवस बसावं लागत नाही. परदेशी परवडत नाही आणि सगळ्यात स्वस्त घेतलं असं चारचौघांत सांगवत नाही. दुकानदाराला हे पक्कं माहीत होतं.

दोन हजार दोन सालच्या उन्हाळ्यात एके दुपारी एक माणूस आणि त्याची मुलगी दुकानात आले. माणसाचं नाव रखमाजी. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या अलीकडे, रानात त्याची वस्ती होती. त्याचा बाप मेंढरांमागे हिंडत मेला. धाकटा भाऊ म्हस्कू अजून मेंढरं राखायचा. रखमाजी मात्र एका जागी टेकला होता. कांदा, थोडा ऊस, दोन म्हशी, पाच-सहा मेंढ्या. मुलीचं नाव प्रतिभा. तिने नुकतीच पदार्थविज्ञानात पदवी घेतली होती.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या वस्तीवर दरोडा पडला होता. कुत्री भुंकली, रखमाजी काठी घेऊन उठला, पण आलेले सात-आठ जण होते. त्यांनी त्याला खांबाला बांधलं आणि त्याच्या बायकोच्या, कुशाबाईच्या, कानातली फुलं ओढून नेली. कानांच्या पाळ्या फाटल्या त्या फाटल्याच. तेव्हापासून रखमाजीने परवान्यासाठी इतक्या फेऱ्या मारल्या, की कचेरीतला शिपाई त्याला नावाने हाक मारू लागला होता.

"काय दाखवू, आबा?" दुकानदाराने विचारलं.

"दाखवा की, दरवडेखोराला भ्या वाटंल असं."

"ते पिस्तूल बघून वाटत नाही, आबा. धरणाऱ्याचा चेहरा बघून वाटतं."

"मग चेहराच पुरला असता की. हितवर कशाला आलो आसतो?"

दुकानदाराने आधी स्वस्त पिस्तूल काढलं, रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि रखमाजीच्या हातात दिलं. रखमाजीने ते उलटं करून त्याच्या तोंडात बघितलं, मेंढराचे दात बघावेत तसं. मग पाठीवरून अंगठा दाबत नेला.

"आबा, त्ये मेंढरू न्हाई," प्रतिभा हळूच म्हणाली.

"इकत घ्यायचं म्हंजी चाचपूनच घ्यायचं. मेंढरू असू नायतर तोफ."

मग त्याने मला उचललं. माझी पाठ मागे ओढून बघितली. ती लोण्यातून सुरी जावी तशी सरकली. त्याला बरं वाटलेलं मला त्याच्या तळव्यातून कळलं. प्रतिभा मात्र दुकानदाराला सोडत नव्हती. दोघांच्या किमतीत एवढा फरक का? पोलाद वेगळं आहे का? नळी वेगळी आहे का? दुकानदार म्हणाला, काम सफाईचं आहे. सफाई म्हणजे नेमकं काय, असं तिने विचारलं. दुकानदार म्हणाला, हातात घेतल्यावर कळतं. तिला ते उत्तर पटलं नाही.

तिने वडिलांच्या पिशवीतून लोकर तोलायचा स्प्रिंगचा काटा काढला. काट्याचा हूक तिने स्वस्त पिस्तुलाच्या चापात अडकवला. दुकानदाराला पिस्तूल घट्ट धरायला सांगितलं आणि खटका पडेपर्यंत काटा सावकाश ओढला. मग माझा चाप तोलला. तिने दोन्ही प्रत्येकी तीन वेळा तोलले. स्वस्ताला दर वेळी माझ्या दुपटीहून जास्त जोर लागला, शिवाय तिन्ही वेळचे आकडे वेगवेगळे आले. माझा आकडा तिन्ही वेळा तोच.

"इतकी वर्षं दुकान चालवतोय," दुकानदार म्हणाला, "असं गिऱ्हाईक नाही बघितलं. ताई, तुम्ही लग्नात नवरदेवाला पण काटा लावणार बहुतेक."

"लावीन की," प्रतिभा म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "आबा, चाप जड असला की ओढताना हात हलतो. हात हलला की नळी हलते. मग गोळी भलतीकडं जाते. ह्याचा हलका आहे, आणि दर वेळी सारखा आहे. स्वस्तातलं नको. ह्येच घ्या."

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मला तेव्हा फार अभिमान वाटला. मला नुसतं बघून नाही, तोलून निवडलं होतं.

रखमाजीने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दुकानदाराच्या हातावर टाकला. जनावरांच्या बाजारात टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरतो. दुकानदार आधी गोंधळला आणि मग इतका हसला की त्याने चहा मागवला. भाव मात्र कमी केला नाही. निघताना तो एकच गोष्ट दोनदा बोलला. "आबा, गोळ्यांचं मॅगझिन वेगळं ठेवायचं. पिस्तूल वेगळं."

"व्हय व्हय," रखमाजी म्हणाला.

वस्तीवर कुशाबाईने मला बघितलं आणि पदराने कान झाकले. "आणलंय तर असू द्या," ती म्हणाली, "पर माज्या देवापशी नगं." मग रखमाजीने मला पेटीत ठेवलं आणि मॅगझिन धान्याच्या कोठीवर एका डब्यात. दर अमावस्येला तो मला बाहेर काढी, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पुसी आणि पुन्हा ठेवी. येणारेजाणारे मला बघायला मागत. तो दाखवत नसे, पण आहे म्हणून सांगत असे. तळेगावच्या बाजारात लोक त्याला वाट देऊ लागले. हे त्याला आवडत असे आणि आवडतं हे तो कबूल करत नसे.

वस्तीवर दोन कुत्री होती. एक लांड्या आणि एक काळी. दोघंही दांडगी, मेंढरांमागे वाढलेली. कोल्ह्यापासून पाखरापर्यंत सगळ्यांवर भुंकायची. ओढ्याच्या पलीकडे सोजरबाई नावाची बाई राहत असे. तिला नवरा नव्हता. कुशाबाईशी तिचं मोठं गूळपीठ. रखमाजीच्या बोअरला गोड पाणी होतं आणि लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हायची. लाइटची वेळ सारखी बदलायची. पलीकडे मोटरीचा आवाज ऐकू आला की सोजरबाई हंडा-कळशी घेऊन निघायची. बांधावर पोचली की तिथूनच ओरडायची, "कुशाबाय, कुत्री धर गं!"

आतून कुशाबाई म्हणायची, "धरलीत, ये!"

वस्तीवर येणारा प्रत्येक माणूस असंच करायचा. दूधवाला बन्सी जीपचा हॉर्न वाजवून वर हाकही मारायचा. पोस्टमन तर बांधावर उभा राहून आधी स्वतःचं नाव सांगायचा आणि मग ज्याचं पत्र असेल त्याचं. रानातल्या वस्तीवर गप्प येणारा माणूस म्हणजे एक तर वेडा, नाही तर चोर.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि म्हस्कू मेंढरं घेऊन कोकणाकडे निघाला. त्याच्या कळपातलं एक कुत्रं मेलं होतं. रखमाजी म्हणाला, "लांड्या आन् काळी घेऊन जा. रात्रभर भुंकून डोळा लागू देत न्हाईत. आन् मला आता काय गरज?"

"गरज न्हाई कशी?" कुशाबाई म्हणाली. "कुत्रं आधी इचारतंय, मग चावतंय. तुमचं त्ये पेटीतलं कुणाला काय इचारणार हाय?"

"त्या राती भुंकलीच की दोघं. तुजं कान वाचलं का?"

प्रतिभा ओसरीवर बसून हे ऐकत होती. तिला वडिलांचा हिशोब बरोबर वाटला असावा. कुत्र्यांनी दरोडा थांबवला नव्हता, ही गोष्ट खरीच होती. म्हस्कूने दोन्ही कुत्र्यांच्या गळ्यात दोरी बांधली आणि तो निघून गेला.

पुढचे काही दिवस सोजरबाई सवयीने बांधावरून ओरडत राहिली, "कुशाबाय, कुत्री धर गं!" एके दिवशी कुशाबाईने अंगणातूनच उत्तर दिलं, "आता कुणाला धरू? ह्यास्नी धरू का?" आणि रखमाजीकडे बोट केलं.

सोजरबाई हंडा खाली ठेवून हसली. "भावजी, चावता का वो?"

"तुला चावून माजं दात पडतील," रखमाजी म्हणाला.

तिघंही खूप हसली. दुसऱ्या दिवसापासून सोजरबाई गप्प येऊ लागली. कुत्री नाहीत तर ओरडायचं कशाला? ओरडताना स्वतःलाच हसू यायचं. बन्सीने हाक सोडली, पोस्टमनने सोडली. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यात ध्यानात येण्यासारखं काही नव्हतं. कोणी काही मोडलं नव्हतं, कोणी काही चोरलं नव्हतं.

वर्ष असंच गेलं. मग दोन हजार चार सालच्या जानेवारीत दौंडच्या बाजूला, खुटबावकडे एका वस्तीवर दरोडा पडल्याची बातमी आली. बन्सीने ती सकाळच्या दुधाबरोबर आणली. "घोंगड्या पांघरून आलते म्हणं. माणसं वाटली मेंढपाळ. दार उघडलं आन् संपलं." बातमी खरी किती आणि वाढवलेली किती, कोणास ठाऊक. पण रखमाजीने ती कुशाबाईच्या कानांकडे बघत ऐकली. त्या दिवशी त्याने कोठीवरचा डबा काढला आणि मॅगझिन माझ्यात बसवलं. मला पेटीतून काढून उशाखाली ठेवलं. प्रतिभा म्हणाली, "आबा, दुकानदार काय म्हणला होता?"

"दुकानदार पेठंत झोपतोय," रखमाजी म्हणाला.

मित्रांनो, उशाखाली राहिल्यावर मला माणसाची झोप कळली. खरं तर तिला झोप म्हणता येणार नाही. रखमाजी पडून असायचा आणि ऐकत असायचा. पूर्वी ते काम कुत्री करायची, आणि तो झोपायचा. आता पाचोळा वाजला तरी त्याचा हात माझ्यावर यायचा. तो हात माझ्या ओळखीचा होता. पण आता तो नेहमी ओलसर असे.

चौथ्या दिवशी पहाट उजाडली तेव्हा दाट धुकं होतं. कांद्याची चाळ दिसत नव्हती, गोठा दिसत नव्हता. कुशाबाई आत चूल पेटवत होती, प्रतिभा तोंड धूत होती. लाइट आली आणि बोअरची मोटर घरघरत सुरू झाली. काही वेळाने रखमाजी मला कमरेला खोचून ओसरीवर आला. मोटरीशेजारी, स्टार्टरच्या पेटीपाशी, त्याला काहीतरी हललेलं दिसलं. एक आकृती होती. डोक्यावरून घोंगडी, आणि ती वाकलेली.

त्याने मला कमरेतून काढलं. माझी पाठ मागे ओढून सोडली. ती नेहमीसारखीच अलगद सरकली आणि काडतूस नळीत जाऊन बसलं. "कोण हाय?" तो ओरडला. मोटर धडधडत होती. उत्तर आलं नाही. "कोण हाय त्ये? बोल!" आकृती सरळ झाली आणि तिने हातातलं काहीतरी वर उचललं.

त्याला चाप ओढायचा होता का, हे मी सांगू शकत नाही. बोट चापावर होतं, बोट थरथरलं, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. मी चाललो. माझी पाठ सरकली, टरफल उडालं, नवं काडतूस नळीत येऊन बसलं. सगळं मला कारखान्यात शिकवलं होतं तसंच. हात जराही हलला नव्हता. गोळी जिथे बघितलं तिथेच गेली.

तांब्याचा हंडा खणकन वाजला. मग सोजरबाई चिखलात बसलेली दिसली. तिच्या डाव्या हातातून रक्त वाहत होतं आणि मांडीवर हंडा होता. हंड्याला दोन भोकं पडली होती आणि त्यातून पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं. ती हाताकडे न बघता हंड्याकडे बघत होती.

"कुशाबाय," ती म्हणाली, "हंडा गेला गं."

प्रतिभा धावली. तिने ओढणीने सोजरबाईचा दंड करकचून बांधला. कुशाबाई नुसती "सोजर, सोजर" म्हणत होती. रखमाजी मला धरून तसाच उभा होता. प्रतिभाने वळून बघितलं तेव्हा तिला दिसलं की माझा घोडा अजून मागेच, म्हणजे पुन्हा गोळी सुटायच्या तयारीत आहे आणि नळी कुशाबाईच्या पाठीकडे आहे. "आबा," ती अगदी हळू म्हणाली, "नळी खाली करा. बोट काढा. आता खाली ठेवा." त्याने तसं केलं. मग तो स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागला.

बन्सीच्या जीपमधून त्यांनी सोजरबाईला शिरूरला नेलं. हात वाचला, पण गोळी हंडा फोडून पंजातून गेली होती. दोन बोटं पुढे कधीच मिटली नाहीत.

रखमाजी स्वतः ठाण्यावर गेला आणि मला टेबलावर ठेवून म्हणाला, "ह्यो मी आन् ह्ये ह्ये." चार-पाच दिवसांनी सोजरबाईचा जबाब झाला, तेव्हा मी त्याच टेबलावर, कापडावर होतो. रखमाजी कोपऱ्यात उभा होता. त्याची मान वर होत नव्हती. सोजरबाई काय सांगते यावर तो तुरुंगात जाणार की घरी, हे ठरणार होतं. धुक्यात वैर साधलं असं ती म्हणाली असती, तर त्याला सोडवायला कोणीही पुरला नसता.

"तुमचं ह्यांच्याशी भांडण होतं का?" ठाण्याच्या साहेबांनी तिला विचारलं.

"भांडण? मीठ सरलं की ह्यांच्या घरातनं न्हेते मी."

"मग तुम्ही न सांगता त्यांच्या अंगणात कशा गेलात?"

"रोज जाते. हाक न्हाई मारली. कुत्री व्हती तवा मारायची. कुत्री गेली, हाक बी गेली."

"म्हणजे चूक तुमची?"

सोजरबाईने पट्टीत बांधलेला हात मांडीवरून टेबलावर ठेवला. "चूक कुणाची त्ये तुमी लिवा साहेब. शिकल्यालं हायसा. मी काय झालं त्ये सांगतीय. त्यांनी मला वळखलं न्हाई आन् मी वळख दिली न्हाई. पर माजी बोटं गेली, ह्ये बी लिवा. त्ये ऱ्हाऊ देऊ नका."

तिने त्याला माफ केलं नाही आणि बुडवलंही नाही. तिने जसंच्या तसं सांगितलं.

सगळे उठले तेव्हा प्रतिभा हवालदारांपाशी आली. त्यांचं नाव मल्हारी होतं. तिच्या हातात तो लोकरीचा काटा होता. "मामा, हे रिकामं आहे ना? मला एकदा चाप तोलून बघू द्याल?"

"आता कशाला, पोरी?"

"स्वस्तातल्याचा चाप दुपटीनं जड होता. तो घेतला असता तर कदाचित बोट थरथरलं तरी… म्हणजे मधे थोडा वेळ मिळाला असता. किती, ते काढायचंय मला."

मल्हारी हवालदारांनी नाही म्हणून मान हलवली. खरं तर ती ते गणित मनात कितीदा तरी करून आली असणार. पण त्या धुक्यातला वेळ तिला कोणी मोजून देणार नव्हतं. जड चापाने आबांचं बोट थांबलं असतं, की आबांनी आणखी जोर लावला असता आणि नळी हलून गोळी सोजरबाईच्या छातीत गेली असती? काट्यावर याचा आकडा नव्हता.

"काटा आत ठिव," रखमाजी कोपऱ्यातून म्हणाला. त्या खोलीत तो पहिल्यांदाच बोलला. "त्यो लोकरीचा हाय."

त्यानंतर मला लोखंडी कपाटात ठेवलं. खटला चालला. वर्षं गेली. कपाटाबाहेर लोक बोलत, त्यावरून मला वस्तीची खबर मिळे. सोजरबाई आता लांबच्या सार्वजनिक विहिरीवरून, एकाच हाताने कळशी आणते. बोअरवर येत नाही. राग म्हणून नाही. मोटरीचा आवाज ऐकला की तिचे पाय थांबतात. कुशाबाई रोज दोन हंडे भरून तिच्या दारात नेऊन ठेवते. सोजरबाई ते घेते. पण पूर्वीसारखं दोघींचं हसणं होत नाही. बसतात, बोलतात, आणि उठतात.

शेवटी निकाल लागला. रखमाजी सुटला. खटल्यात अडकलेला परवानाही मोकळा झाला. अर्ज केला तर मी त्याला परत मिळणार होतो. एके दिवशी तो आणि प्रतिभा ठाण्यावर आले. प्रतिभा आता रांजणगावच्या एका कारखान्यात, मालाच्या तपासणी खात्यात काम करत होती. रखमाजी म्हातारा दिसत होता. मल्हारी हवालदारांनी मला काढून टेबलावर ठेवलं.

रखमाजीचा हात सवयीने पुढे आला. अर्ध्या वाटेत तो थांबला. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले.

"न्यायचं की नाही, आबा?" मल्हारी हवालदार म्हणाले. त्यांना खरोखरच मदत करायची होती. "माझं ऐका. हे विकून टाका आणि साधं, स्वस्तातलं घ्या. त्याचा चाप जड असतो. चूक व्हायची भीती नाही. तेव्हा तुमची निवड चुकली."

"निवड चुकली नव्हती, मामा," प्रतिभा म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी दोन्ही तोलून बघितली होती. हे चांगलंच होतं. चांगलं होतं, म्हणूनच असं झालं."

बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजत होता.

"साहेब, एक इचारू का?" रखमाजी म्हणाला. "अजून बी पाचोळा वाजला की मी उठून बसतोय. ह्ये हितंच ठिवलं, तर मंग त्ये भ्या बी हितंच ऱ्हाईल का?"

मल्हारी हवालदारांनी हसायचा प्रयत्न केला. "ते आमच्याकडं जमा करून घेता येत नाही, आबा."

रखमाजीने मान हलवली. जणू त्याला ते आधीच माहीत होतं आणि फक्त विचारून बघायचं होतं. मग तो उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला. प्रतिभाने पुढचं बोलणं केलं. आम्हाला नको, विकायचंही नाही, एवढंच ती म्हणाली, आणि वडिलांचा हात धरून त्यांना एस.टी.च्या थांब्याकडे घेऊन गेली. ती दोघं त्या रानातल्या घरात, त्याच धुक्यात, त्याच भीतीकडे परत गेली. ती भीती खोटी नव्हती. कुशाबाईच्या फाटलेल्या कानांइतकी खरी होती. तिचं काय करायचं, हे मला माहीत नाही. मी तिचं उत्तर नव्हतो, एवढंच मला कळलं. ते कळायला सोजरबाईची दोन बोटं गेली.

मित्रांनो, जुनी सायकल, मोडकी छत्री, बंद पडलेलं घड्याळ, सगळे आपली कहाणी सांगतात आणि शेवटी तुम्हाला विनवतात, की आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. त्यांनी तसं म्हणावंच. त्यांना जपलं तर कोणाचं तरी भलं होतं. मला तसं म्हणता येत नाही. मला माझ्या कारागिरांचा अभिमान अजून आहे, आणि माझा चाप अजून तितकाच हलका आहे. म्हणून माझी विनंती उलटी आहे. या कपाटामागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. ती थांबवू नका. कोणी स्वच्छतेच्या मोहिमेत मला बाहेर काढलं, तर मला तेल लावू नका. नळीच्या तोंडाशी गंज चढला आहे. पाठीच्या खाचेतही तो उतरला आहे. एक-दोन पावसाळे अजून मिळाले तर ती पाठ जागची हलणार नाही.

तोवर, मुलांनो, कपाटाला कुलूप आहे ना, एवढं बघा.